वाचकांचे प्रश्न : २१ दिवसांचा हिशेब आणि तव्यावरची मिश्री

गेल्या अंकात सवयी आणि आरोग्य यांवरील मानसशास्त्रीय संशोधनाची ओळख करून दिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी तिघांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ६१, निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी आणि अर्धा तास चालणे सांगितले आहे. कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस केली की तिची सवय लागते, असे व्हॉट्सॲपवर वाचून मे महिन्यात राजहंसगडाच्या रस्त्याने चालायला सुरुवात केली. १९ दिवस झाले आणि पाऊस लागला. चार दिवस खंड पडला, आता पुन्हा एकपासून मोजायचे या विचाराने हुरूपच गेला. गोळीही अधूनमधून राहून जाते. माझी इच्छाशक्तीच कमी पडते काय? (येळ्ळूर)

उत्तर : गुरुजी, आपले १९ दिवस कोणीही खोडलेले नाहीत, हे आधी सांगतो. २१ हा आकडा सवयींच्या अभ्यासातून आलेलाच नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात असे नोंदवले होते, की चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारणपणे किमान २१ दिवस लागतात. नव्या नाकाची ओळख पटणे आणि पहाटे अंथरूण सोडून गडाच्या रस्त्याला लागणे यांचा संबंध कोणी आणि कसा जोडला, ते जोडणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय मूळ विधानातला ‘किमान’ हा शब्द हातोहाती पुढे जाताना गळून पडला.

प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २०१० साली ‘युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी’मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात ९६ स्वयंसेवक होते. प्रत्येकाने आपल्याला हवी ती एक कृती निवडायची आणि ती रोज एका ठरलेल्या प्रसंगाला जोडायची होती : दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ, किंवा रात्रीच्या जेवणाआधी १५ मिनिटे धावणे. ही कृती आता न ठरवता, आपोआप होते का, याची नोंद ते ८४ दिवस करीत होते. त्या नोंदींवरून जी वक्ररेषा निघाली, ती आपल्याला वर्गातून चांगलीच ओळखीची असेल. पाढा म्हणायला शिकणारे मूल पहिल्या काही दिवसांत झपाट्याने पुढे जाते, नंतरची प्रगती मंदावते आणि शेवटी पाढा तोंडी बसला की आणखी घोकून फारसा फरक पडत नाही. सवयही अशीच चढते, म्हणजे आपल्या १९ दिवसांत चढाचा बराच भाग येऊन गेला असण्याची शक्यता आहे.

ज्या ३९ जणांच्या नोंदींना ही रेषा नीट बसली, त्यांना सवय जवळजवळ पक्की होण्यास लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता. आता काही ठिकाणी २१च्या जागी हा ६६ आकडा तितक्याच ठामपणे फिरू लागला आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. मध्यक याचा अर्थ निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना त्याहून अधिक दिवस लागले, आणि ही तफावत १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होती. दुसरे असे, की नोंदी ८४ दिवसांतच थांबल्या होत्या. त्यापलीकडचे आकडे रेषा पुढे वाढवून काढलेले आहेत. व्यायामाची सवय खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा सावकाश लागते, असेही त्यात दिसले. आपल्यासाठी मात्र सर्वांत उपयोगी निष्कर्ष वेगळाच आहे : एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रियेत लक्षणीय फरक पडला नाही. एकपासून मोजण्याची शिक्षा आपण स्वतःच स्वतःला दिलेली आहे.

चार दिवस हा एका दिवसापेक्षा मोठा खंड आहे, हे खरे. पण त्याचे कारण मनोबलात शोधण्यापेक्षा पावसात शोधावे. आपली सवय ‘कोरडा रस्ता आणि पहाट’ या दोन खुणांना बांधलेली होती, आणि आपल्या भागात जूनपासून पुढचे तीन-चार महिने त्यांतली पहिली खूण गायबच असते. खूण बाराही महिने टिकेल अशी निवडली पाहिजे. सकाळचा चहा झाला की कप मोरीत ठेवायचा आणि लगेच चालायला लागायचे, रस्ता कोरडा असेल तर बाहेर, नाहीतर घराच्या सोप्यात किंवा देवळाच्या सभामंडपात फेऱ्या, अशी जोडणी करून पाहावी. ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशा नेमक्या योजनेचा अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अनेक वर्षे केला आहे. २००६ साली त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा अशा योजनांचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. ‘उद्यापासून नियमित चालणार’ हा नुसता निश्चय त्यापुढे फिका पडतो.

गोळीबाबत एक सावधगिरी. एखादा दिवस चुकला तरी चालते हा निष्कर्ष सवयीपुरता आहे, रक्तदाबाला ही सवलत लागू नाही. राहिलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत, काय करायचे ते डॉक्टरांना विचारून ठेवावे. माझी स्वतःची गोळ्यांची पट्टी चहापुडीच्या डब्याला रबराने बांधलेली असते, त्यामुळे घरी ती सहसा चुकत नाही. मात्र दोन वर्षांपूर्वी आषाढीला पंढरपूरला गेलो तेव्हा डबा घरी राहिला आणि पिशवीत गोळ्या असूनही सलग तीन दिवस त्यांची आठवण झाली नाही. सवय माणसाइतकीच जागेचीही असते, तेव्हा परगावी जाताना नवी खूण आधीच ठरवून निघावे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ४० वर्षे मिश्री लावतात. तोंडाच्या कर्करोगाची भयानक छायाचित्रे मोबाइलवर दाखवली, नातवंडांकडून शपथ घालून घेतली. त्या घाबरल्या, रडल्या, आणि आता परसात जाऊन लपून लावतात. भीती दाखवूनही माणूस सुधारत नसेल तर काय करावे? (निपाणी)

उत्तर : भीती किती उपयोगी पडते, हे हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या येल विद्यापीठातील प्रयोगात तपासले होते. धनुर्वाताची लस घ्यावी म्हणून विद्यार्थ्यांना पुस्तिका दिल्या, काहींना सौम्य, काहींना अंगावर काटा आणणाऱ्या. अधिक घाबरलेल्यांनी लस घेण्याचा इरादा अधिक जोराने बोलून दाखवला; पण दवाखान्यात प्रत्यक्ष कोण गेले, हे भीतीच्या मात्रेवर ठरले नाही. ज्यांना दवाखाना दाखवणारा नकाशा आणि वेळा दिल्या होत्या, आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जमेल ते पाहायला सांगितले होते, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के गेले. ज्यांना हे दिले नव्हते, त्यांच्यातले सुमारे ३ टक्के. थोडी भीती लागतेच, असेही संशोधकांचे मत पडले. तुमच्या घरात ती पुरेशी झाली आहे, आणखी नको. नकाशा मात्र अजून कोणी दिलेला नाही.

लस एकदा टोचून घेतली की काम संपते, मिश्रीचे तसे नाही. त्यात निकोटीन आहे आणि शरीर ते मागते. पाकिटावरचे भयसूचक चित्रही सासूबाईंपर्यंत कधी पोचलेले नसणार, कारण मिश्रीसाठी तंबाखू बहुधा सुटा येतो आणि घरच्या तव्यावर भाजला जातो. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात तो वास कोणाला वावगाही वाटत नाही. म्हणून आधी एक आठवडा काही न बोलता त्या केव्हा केव्हा लावतात ते पाहा. बहुतेक घरांत पहिली वेळ उठल्या उठल्या असते आणि ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे तिचे कारण असते. हे कारण हसण्यावारी नेऊ नका, निकोटीनने आतड्यांची हालचाल खरोखरच वाढते. त्या वेळेपुरते गरम पाणी आणि थोडे फिरणे पुढे करून, दिवसातली सर्वांत कमी ओढीची वेळ कोणती ते त्यांनाच विचारा आणि आधी तीच सोडायला सांगा. तव्याची जागाही बदलून पाहा.

केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीसाठीची मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १८००-११-२३५६. बोलायला त्या लाजल्या तर तुम्ही शेजारी बसा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर सवय सुटण्याची वाट न पाहता दाताच्या डॉक्टरांना दाखवा. आणि परसातले लपणे आधी थांबू द्या : समोर लावली तरी कोणी ओरडणार नाही, असे त्यांना नातवंडांच्याच तोंडून कळवा. लपून लावलेली मिश्री मोजता येत नाही.

प्रश्न : लंडन आणि येलच्या विद्यार्थ्यांवरचे निष्कर्ष आमच्या वडगावातल्या मागावर बसणाऱ्या माणसाला कसे लावायचे? (वडगाव, बेळगाव)

उत्तर : ही शंका संशोधकांनाही आली आहे. जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायन यांनी २०१० सालीच दाखवून दिले, की मानसशास्त्रातील बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य, सुशिक्षित आणि सुखवस्तू समाजांतील लोकांवर, त्यातही विद्यार्थ्यांवर होतात, आणि त्यांवरून सगळ्या मानवजातीविषयी बोलणे धाडसाचे असते. म्हणून आकडे उचलू नयेत. ६६ दिवस वडगावात ४० होतील किंवा १००. खुणेला कृती जोडण्याची पद्धत मात्र प्रत्येकाने आपल्या घरी पडताळून पाहावी, तिला खर्च नाही आणि अपायही नाही.

आपल्याकडची एक अडचण लंडनच्या स्वयंसेवकांना नव्हती. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटावर सूचना पुष्कळदा कन्नडमध्ये लिहिलेल्या असतात, आणि केवळ मराठी वाचता येणारी वयस्कर माणसे घरी येऊन ‘सकाळची कोणती, रात्रीची कोणती’ म्हणून सुनेची किंवा नातवाची वाट पाहत बसतात. योजना तिथेच अडते. औषध देणाऱ्याला काउंटरवरच सांगावे, की सकाळच्या पाकिटावर सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चंद्र काढून द्या. पेन त्याच्या खिशात असतेच.