प्रोटीन बिघडवून त्याचं काम कसं कळतं?

प्रश्न: प्रोटीनला केमिकल चिकटवून त्याचं पेशीतलं काम शोधतात असं वाचलं. पण केमिकल लावलं की प्रोटीन बिघडणारच ना, मग बिघडलेल्या प्रोटीनवरून काय कळणार?

उत्तर: सरसकट बिघडवलं, म्हणजे उकळलं वगैरे, तर खरंच काही कळत नाही. सगळी मजा एकाच जागी हात लावण्यात आहे. कायमोट्रिप्सिन घ्या, अन्नातली प्रोटीनं तोडणारं एन्झाइम. त्यात सेरीन हे अमिनो ॲसिड पंचवीसहून जास्त ठिकाणी आहे, पण डीएफपी नावाचं विषारी केमिकल घातलं की ते फक्त अमिनो ॲसिडच्या साखळीतल्या 195 नंबरच्या सेरीनला जाऊन चिकटतं आणि एन्झाइम ठप्प होतं, बाकीची सेरीनं जशीच्या तशी. म्हणजे हे एकच सेरीन रिॲक्शनला इतकं तयार आहे, आणि तोडायचं काम तेच करत असावं.

आता कोणी म्हणेल की केमिकल अडकून नुसती वाट बंद झाली असेल, काम दुसरंच कोणी करत असेल. शंका अगदी रास्त आहे, नुसतं एन्झाइम बंद पडलं एवढ्यावर निष्कर्ष काढूच नये. म्हणून 1966 मध्ये सबटिलिसिन या तशाच एन्झाइमवर जे केलं ते मला फार आवडतं, कामाच्या सेरीनमधला ऑक्सिजनचा एकच अणू काढून तिथे सल्फर बसवला, वाट कुठेच अडली नाही, तरी त्याचं प्रोटीन तोडणं जवळपास थांबलं! म्हणजे काम खरंच ते सेरीनच करत होतं.

आणि पेशीतलं म्हणाल तर ॲस्पिरिन बघा. ॲस्पिरिनने प्रोस्टाग्लँडिन (दुखणं, सूज यांत भाग घेणारं शरीरातलं रसायन) बनणं थांबतं हे औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, पण नेमकं कसं? मग ॲस्पिरिनच्या असिटिल नावाच्या तुकड्यावर रेडिओॲक्टिव्ह खूण करून ते प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या रक्तातल्या पेशींना, दिलं आणि खूण कुठे जाते ते पाहिलं, तर ती प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमवर, म्हणजे सायक्लोऑक्सिजनेजवर, पक्की चिकटलेली मिळाली. प्लेटलेट्सना केंद्रक नसतं, त्यामुळे चिकटलेलं एन्झाइम बदलून नवीन बनवणं त्यांना जमत नाही, म्हणून ॲस्पिरिन रक्तातून काही तासांत गेलं तरी त्या प्लेटलेटवरचा परिणाम ती जिवंत असेपर्यंत, म्हणजे 7 ते 10 दिवस राहतो.