रोपं गेली, म्हणून झारी लपवली

मावशी,
गोष्ट हसण्यासारखी आहे पण घरात कोणी हसत नाहीये. माझे सासरे, आम्ही बाबाच म्हणतो, रिटायर होऊन सहा महिने झाले आणि आता आमच्याकडेच असतात. माझी बाल्कनीत बाग आहे, पंधरा-वीस कुंड्या, काही छताखाली भिंतीला लागून, काही कठड्यापाशी उघड्यावर. यंदा ऐन वसंतात पाऊस सुटायचं नावच घेत नाहीये, सतत रिपरिप. आणि बाबा रोज सकाळी सहाला उठून सगळ्या कुंड्यांना पाणी घालतात. पाऊस चालू असताना! मी टोमॅटो, मिरची आणि झिनिया पेरली होती ट्रेमध्ये, एवढी काळजी घेतली, बागेतली छान काळी माती घातली, बी अगदी मूठभर टाकलं म्हणजे थोडं गेलं तरी उरेल, खाली खडे घातले पाणी निघायला, आणि पावसाचं पाणी चांगलं असतं म्हणून ट्रे उघड्यावर ठेवले. छान उगवलं, आणि एका रात्रीत निम्मं आडवं. दोन दिवसांत सगळंच. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही बुडवून मारलीत माझी रोपं." जरा जोरातच म्हटलं. आणि झारी लपवली (माळ्यावर आहे). आता ते मगाने पाणी घालतात. पण बोलत नाहीत. आधी रोज सकाळी दाराशी उभं राहून आज किती पडेल, ढग कुठून आलेत हेच चालायचं, मला खरं तर कंटाळा यायचा, आता ते नाहीये तर चुकल्या-चुकल्यासारखं होतंय. माफी मागू का? पण चूक तर त्यांची आहे ना?
झारीवाली

*

अगं झारीवाली,

तुझं पत्र वाचलं आणि मग परत वाचलं, कारण पहिल्यांदा मी पण तुझ्याच बाजूने होते, पावसात पाणी घालणारा माणूस म्हणजे काय बोलायचं. पण दुसऱ्यांदा वाचताना असं लक्षात आलं की तुझी रोपं कोणी मारली ते तूच लिहून पाठवलंयस, फक्त दुसऱ्याच्या नावावर. रागावू नको, सांगते.

रोपं एका रात्रीत आडवी झाली म्हणतेस ना, तर त्यातलं एखादं उचलून मातीला टेकतो तिथला देठ बघितलास का? तिथे तो चिमटा काढल्यासारखा बारीक, पाणचट झाला असेल, दोऱ्यासारखा, आणि वरची पानं मात्र अजून हिरवी. याला रोपं कोलमडणं म्हणतात, मर पण म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया असली बुरशीसारखी मंडळी मातीत असतातच, त्यांना गारवा, ओल आणि कोंदटपणा मिळाला की कोवळ्या देठावर तुटून पडतात. आता तुझी यादी बघ. बागेतली काळी माती, म्हणजे ती मंडळी आयती घरात आली, वर ती माती ट्रेसारख्या उथळ भांड्यात चिकट गोळा होऊन बसते. मूठभर बी, म्हणजे रोपं एकमेकांना चिकटून, मधून वारा जायला जागा नाही. ट्रे उघड्यावर, म्हणजे दिवसरात्र पाऊस, वर ऊन नाही. बाबांनी सकाळी पाणी घातलं नसतं तरी ती गेली असती गं. त्यांच्या पाण्याने मदत केली असेल, नाही असं नाही, पण या खटल्यात ते फार तर साथीदार.

आणि ते खडे. हे सगळेच करतात, मी पण वर्षानुवर्षं केलं, आणि उपयोग शून्य, उलट तोटाच. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांमध्ये सहजासहजी उतरतच नाही, वरची माती पूर्ण भिजून गच्च होईपर्यंत ते तिथेच लटकून राहतं. म्हणजे जो ओला थर तळाशी राहिला असता तो खड्यांमुळे वर सरकतो, थेट मुळांपाशी. तळाला मोकळी भोकं हवीत आणि माती भुसभुशीत हवी, बस. पुढच्या वेळी कोकोपीट (नारळाचा भुसा), चाळलेलं कंपोस्ट आणि थोडं पेरलाइट (ते पांढरे हलके दाणे) नाहीतर जाडसर वाळू, असं हलकं मिक्स कर.

आता बाबांकडे येऊ. पावसात पाणी घालणं हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण निम्म्या कुंड्यांच्या बाबतीत ते बरोबर आहेत! तूच लिहिलंयस, काही कुंड्या छताखाली भिंतीला लागून आहेत. तिथे पाऊस पोचतो का? आठवडाभर धो धो पडला तरी भिंतीच्या आडोशाची कुंडी कोरडी ठणठणीत असू शकते आणि आपण मात्र बाहेर बघून म्हणतो, पाऊस आहे की, पाणी कशाला. मोठ्या पानांच्या झाडांचं तर अजूनच, पानं छत्रीसारखी पाणी कुंडीबाहेर टाकतात. हिशोब सांगते, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तुझी ३० सेंटीमीटर तोंडाची कुंडी धर, तिच्यात १० मिलिमीटर पावसाचं जेमतेम पाऊण लिटरसुद्धा पडत नाही, साधारण ७०० मिली. ३ मिलिमीटरची रिपरिप झाली तर २०० मिली. वाटतं केवढं पडतंय, आणि आत गेलं पेलाभर. याउलट तो उथळ ट्रे तेवढ्यानेच चिखल होतो, शिवाय ढगाळ गार हवेत वाफ होत नाही आणि एवढुशा रोपाला पिऊन पिऊन किती प्यायला लागणार. तेव्हा एकाच सकाळी एकाच बाल्कनीत एका कुंडीला पाणी हवं असतं आणि शेजारचीला अजिबात नको असतं. तुम्ही दोघं भांडताय ते "पाणी घालायचं का नाही" यावर, आणि दोघंही सगळ्या कुंड्यांना एकच नियम लावताय.

अजून एक, यात भलेभले फसतात. जास्त पाणी झालेलं झाडसुद्धा माना टाकतं. मुळांना हवा लागते, मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात आणि पाण्यात उभी असूनसुद्धा पाणी ओढू शकत नाहीत. आपण बघतो, अरे मलूल दिसतंय, तहान लागली असेल, घाल अजून. माझी कोरफड मी अशीच प्रेमाने मारलीये, त्यामुळे बाबांबद्दल मला जरा जास्तच माया वाटतेय. त्यांनी पण तुझी मलूल रोपं बघूनच जास्त पाणी घातलं असेल, असं मला आपलं वाटतं.

मग काय करायचं. बाबांना "पाणी घालू नका" असं सांगायचं नाही. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ज्या माणसाला सकाळी कुठेतरी जायचं असायचं त्याला आता सकाळी सहाला फक्त तुझ्या कुंड्या आहेत, तेवढं काढून घेऊ नकोस. उलट काम वाढव. कुठल्या कुंडीला हवं ते ठरवायचं काम त्यांना दे. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, आत ओलं लागलं तर पुढे चालायचं. कुंडी जरा उचलून बघायची, आठवडाभरात हाताला वजन कळायला लागतं, हे बोटापेक्षा भारी. शंका आली तर तळाच्या भोकाशी नाक न्यायचं. चांगल्या मातीला तो पहिल्या पावसासारखा वास येतो, (तो वास मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात त्यामुळे येतो, आणि कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावरच्या वासाला पेट्रिकोर हे नाव ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोघांनी १९६४ साली दिलं, हे बाबांना सांग, हवामानवाल्या माणसाला आवडेल), आणि आंबट कुजकट वास आला तर समजायचं आत मुळं सडतायत. कुंड्यांखालच्या ताटल्यांमधलं पाणी ओतून टाकायचं, ते पण त्यांच्याकडे. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचायला दोघं जा, या हवेत त्या येणारच, त्यातल्या बिनशंखाच्या जास्त खादाड.

आणि त्यांना पर्जन्यमापक करायला सांग. विकत नको. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून तोंडावर फनेलसारखा बसवायचा, तळ वाकडातिकडा असतो म्हणून थोडे खडे (हे घे, तुझ्या खड्यांचा उपयोग निघाला) आणि ते बुडून वर सरळ भाग लागेपर्यंत पाणी घालायचं, तिथे शून्याची रेघ, वर पट्टी चिकटवायची. भिंतीपासून लांब, उघड्यावर, वाऱ्याने पडणार नाही अशी ठेवायची आणि रोज ठरलेल्या वेळी वाचून वहीत लिहायचं, मग पाणी परत शून्याच्या रेघेवर आणायचं. हे पोरखेळ वाटत असेल तर ऐक, कोरियात राजा सेजोंगच्या काळात, १४४१ च्या सुमाराला, पाऊस मोजायची भांडी करून गावोगावी नोंदी ठेवायला लागले होते. आणि इंग्लंडमध्ये जॉर्ज सायमन्स नावाच्या गृहस्थाने १८६० पासून साध्या हौशी लोकांकडून घरच्या अंगणातला पाऊस मोजून घेतला, तो गेला १९०० साली, तोपर्यंत असे पाऊस मोजणारे हजारो झाले होते. कोण होते ते, बाबांसारखेच. वही भरली की तुझा कुंड्यांचा हिशोब पण होईल, काल ४ मिलिमीटर, उघड्यावरच्या मोठ्या कुंड्या बघून घ्या, ट्रेला हात लावू नका, भिंतीच्या कुंड्यांना घाला. हे तू म्हणायची गरज नाही, वही म्हणेल, आणि वहीचा राग येत नाही.

माफीचं विचारलंस. माग. पण "माफ करा बाबा, मला तसं बोलायचं नव्हतं" असलं बाल्कनीच्या दारात उभं राहून म्हणू नकोस, दोघंही अवघडाल आणि ते "अगं ठीक आहे" म्हणून आत निघून जातील. त्यापेक्षा खरं काय झालं ते सांग. एक मेलेलं रोप (ठेवलं असशील तर) दाखव आणि म्हण, "बाबा, हे बघा देठ इथे बारीक झालाय, माझ्या मातीमुळे झालं हे, मी उगीच तुम्हाला बोलले." एवढंच. चूक कुठली ते नाव घेऊन सांगितलं की समोरच्याला कळतं की आपल्यावरचा आरोप खरंच मागे घेतलाय. नुसत्या सॉरीत ते कळत नाही. मग लगेच विचार, "परत पेरू या का? वेळ आहे ना अजून?" आणि ते आभाळाकडे बघतील, बघच.

ते ढगांच्या गप्पांचा कंटाळा यायचा म्हणालीस, तो येऊ दे, मला पण येतो. माझे वडील फोनवर पहिली पाच मिनिटं तिकडे ऊन आहे का हेच विचारायचे, मी मनात म्हणायचे आता मुद्द्यावर या. तुझं म्हणशील तर, सहा महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या माणसाने सुनेशी रोज बोलायचं तरी कशावर? तब्येतीवर बोललं तर तक्रार वाटते, पैशांवर बोललं तर लुडबुड, मुलावर बोललं तर तू कान टवकारशील. पाऊस बिचारा कोणाच्याच बाजूचा नाही. तेव्हा तू जास्त खोल काही बोलायला लावायच्या भानगडीत पडू नको, विचारलंच तर एवढंच विचार, आज किती पडला.

परत पेराल तेव्हा मेलेल्या रोपांची माती फेकून द्या, कंपोस्टमध्ये पण नको. ट्रे घासून एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून धुऊन वाळवा. बी मोजून टाक, एका खणात दोन, मग जे दमदार ते ठेवून दुसरं कात्रीने काप, उपटू नको, शेजारच्याची मुळं हलतात. ट्रे छताखाली पण जास्तीत जास्त उजेडाच्या जागी. पाणी वरून नकोच, थाळीत थोडं पाणी घालून ट्रे त्यात ठेव, पंधरा-वीस मिनिटांत खालून ओढून घेतो, मग उचल. पृष्ठभाग जरा सुकल्याशिवाय पुन्हा नाही. टोमॅटो साधारण आठवड्याभरात वर येतो, मिरची रडवते, तिला ऊब लागते, गार हवेत दोन-तीन आठवडे पण घेते तेव्हा चौथ्या दिवशी उकरून बघू नका, दोघांपैकी कोणीच. झिनियाला ट्रेची गरजच नाही, पाऊस जरा थांबला की थेट कुंडीत पेर, तिला जागा बदललेली तशी पण आवडत नाही.

राहिली झारी. ती आजच्या आज माळ्यावरून काढ. अगं, झारीला पुढे बारीक भोकांची जाळी असते, पाणी हलकं पडतं. मगाने ओतलं की धबधबा, माती खणली जाते, मुळं उघडी पडतात, चिखलाचे शिंतोडे पानांवर उडतात आणि त्याबरोबर मातीतला रोग पण वर चढतो. म्हणजे रोपं गेली तेव्हा निदान झारी तरी होती, आता झारी लपवून उरलेल्या कुंड्यांचा धोका तूच वाढवलायस. काढलीस की जाळी साफ आहे का बघ, माळ्यावर धूळ बसून भोकं बुजलेली असतात, जुन्या टूथब्रशने निघतात.

मावशी