पंक्तीत घुसलेलं गुणसूत्र

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या सरांनी वर्गात सांगितलं, की राय या धान्याच्या काही रोपांत १४ ऐवजी १६ गुणसूत्रं असतात आणि जास्तीच्या दोघांचा रोपाला काही उपयोग नसतो. माणसात एक जास्त झालं तर डाऊन सिंड्रोम होतो. मग हे रोप धडधाकट कसं? आणि उपयोग नसताना ती टिकतात कशी? आमच्या ज्वारीतही असतात का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी एक खुलासा. ही राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे, गव्हाच्या भाऊबंदातलं युरोपातलं धान्य.

एम.एस्सी.ला असताना मी मक्याच्या मुळांच्या टोकांच्या स्लाइड करत होते. गुणसूत्रं रंगवणाऱ्या ॲसिटोकार्मिनचा थेंब, वर पातळ काच, टीपकागद ठेवून अंगठ्याने दाबायचं. काच जरा सरकली की सकाळ वाया. एकदा पेशी सुरेख पसरली, पण मक्याची २० मोजायची तर २१ भरली. सर म्हणाले, "कचरा मोजलास." दुसऱ्या पेशीत मोजलं, तिथेही २१. एकविसावं चांगलंच बुटकं होतं. मग सरांनी डोळा लावला आणि बराच वेळ खुर्ची सोडलीच नाही.

त्या बुटक्याला बी-गुणसूत्र म्हणतात; हे 'बी' इंग्रजी अक्षर, बियाणं नव्हे. रायमधली जास्तीची दोन त्याच जातीची. मक्यातलं हे नाव रँडॉल्फ या शास्त्रज्ञांनी १९२८ मध्ये दिलं. नेहमीची ती 'ए'. डाऊन सिंड्रोममध्ये आपल्याच २१व्या गुणसूत्राची तिसरी प्रत येते, तिच्यावरची जनुकंही कामाला लागतात आणि सगळं प्रमाण बिघडतं. बी ही कोणाची प्रत नव्हे. रायमधलं बी दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी मुख्यतः तिसऱ्या आणि सातव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांतून जुळलं, आणि ते बव्हंशी गप्पच असतं. म्हणून एकदोन असली तर रोपाला पत्ताही लागत नाही.

टिकण्याची युक्ती मात्र बघण्यासारखी आहे. परागकण तयार होताना त्यातलं केंद्रक दुभंगतं. एक भाग परागनलिकेच्या कामाला लागतो आणि तिथेच संपतो. दुसऱ्यापासून दोन नरपेशी होतात, म्हणजे पुढची पिढी त्याच्याकडे. ए-गुणसूत्रं दोन्हीकडे इमानदारीत सारखी वाटली जातात. रायचं बी दुप्पट होतं, पण त्याच्या दोन प्रती एकमेकींना सोडतच नाहीत; दोघी मिळून नरपेशींच्या बाजूला जातात. एकाचे दोन झाले! बीच्या टोकाचा ठरावीक तुकडा तुटला, की ही चलाखी बंद पडते. मक्याचं बी एक पायरी उशिरा खेळतं. दोन नरपेशींपैकी एकीत दोन्ही प्रती, दुसरी रिकामी. आणि अंडपेशीला फळवण्याचा मान निम्म्याहून जास्त वेळा भरलेलीलाच मिळतो. दुसरी भ्रूणपोषात, म्हणजे दाण्यातल्या अन्नसाठ्यात जाते, पुढे पिठात. पंक्तीत आगंतुकाने दोन पानं पटकवावीत, तसंच. गुन्नर ऑस्टरग्रेन या शास्त्रज्ञांनी १९४५ मध्येच यांना परजीवी म्हटलं होतं, आणि मला तो शब्द अजून पटतो.

मग सगळी राय बी-मय का होत नाही? संख्या फार वाढली की दाणे भरणं घटतं, रोप खुरटतं. घर बुडालं तर बांडगूळही बुडतं.

ज्वारीबद्दल : तुमच्या मालदांडीची गुणसूत्रं २०. बी सापडलं आहे ते तिच्या रानटी नातलगात, 'सॉर्घम परप्युरिओसेरिशियम' या गवतात. ते आपल्या दख्खनच्या पठारावरही उगवतं. केरळच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९४० मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात लिहिलं, की हे रोप वाढताना जास्तीची गुणसूत्रं शरीराच्या पेशींतून गळून जातात. गव्हाचा रानटी नातलग 'एजिलॉप्स स्पेल्टॉइडीस' तर ती मुळांतून काढून टाकतो आणि वरच्या भागात ठेवतो. मुळांच्या टोकांवर भरवसा ठेवून अशा रोपाची मोजणी केली, तर बी आहे हे कळणारही नाही.

मुलीला सुरुवात कांद्याच्या मुळांपासून करू द्या. तिथे १६ असतात, आणि जाडजूड, म्हणून मोजायला सोपी. सतरा भरली, तर मात्र आधी स्लाइड पुसून बघायला सांगा.