‘मार्शियन’ला मराठीत काय म्हणावं: मंगळी, मंगळवासी की मंगळावरचा?

प्रश्न असा आहे: अमेरिकी कॉमिक्समधल्या ‘मार्शियन मॅनहंटर’ या परग्रहावरच्या नायकाला ‘मंगळी मनुष्यशिकारी’ म्हटलं तर चालेल का? बंगालचा बंगाली, तसा मंगळाचा मंगळी, असा प्रश्नकर्त्याचा विचार आहे.

प्रत्यय अगदी बरोबर लावला आहे. पण ‘मंगळी’ची जागा मराठीत आधीच भरलेली आहे. पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की त्या मुलाला किंवा मुलीला मंगळी म्हणतात. ‘मंगळी नायक’ वाचल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लग्नाची बोलणी उभी राहतात, हिरव्या अंगाचा परग्रहवासी नाही.

संस्कृतकडे वळावं तर मंगळाला ‘भौम’ हे सुरेख नाव आहे. पण भौम म्हणजे भूमीचा पुत्र, आणि विशेषण म्हणून त्याचा अर्थ ‘पृथ्वीचा, जमिनीचा’ असाच होतो. परग्रहावरून आलेल्याला भौम म्हणणं म्हणजे त्याला पृथ्वीचाच ठरवणं. ‘अंगारक’ हे मंगळाचं दुसरं नाव, अंगारकी चतुर्थीतलं. तेही इथे उलटं पडतं, कारण या नायकाची सगळ्यात मोठी दुर्बलता आग हीच आहे.

मग ‘मंगळवासी’? शब्द रुळलेला आहे आणि मंगळावरच्या प्रजेबद्दल बोलताना तोच वापरावा. मात्र ‘वासी’ हा शब्द कोण कुठे राहतो ते सांगतो, तर इंग्रजी ‘मार्शियन’ हा शब्द मुख्यतः कोण कुठला आहे ते सांगतो. हा नायक मंगळावर राहत नाही. नोव्हेंबर १९५५च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २२५व्या अंकात जोसेफ सामाकसन (लेखन) आणि जो सर्टा (चित्रं) यांनी त्याला आणलं, तेच मुळी डॉ. अर्डेल या शास्त्रज्ञाच्या यंत्राने तो पृथ्वीवर ओढला गेला या घटनेतून. परतीची वाट बंद झाल्यावर तो जॉन जोन्स हे नाव घेऊन इथे पोलीस डिटेक्टिव्ह होतो. सुरुवातीच्या काळात या मालिकेच्या शीर्षकातले शब्दही ‘मंगळावरून आलेला मॅनहंटर’ असेच होते. म्हणून ‘मंगळावरचा’ हा साधा मराठी शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. वाक्यात तो विकारी होतो (मंगळावरच्या, मंगळावरची) एवढं लक्षात ठेवायचं. निर्जीव गोष्टींसाठी, उदाहरणार्थ धूळ किंवा हवामान, ‘मंगळीय’ ठीक आहे.

खरी चूक मात्र ‘मनुष्यशिकारी’त आहे. सुपरमॅन, बॅटमॅन यांतला ‘मॅन’ म्हणजे स्वतः नायक. ‘मॅनहंटर’मधला ‘मॅन’ म्हणजे ज्याचा माग काढायचा तो. इंग्रजीत ‘मॅनहंट’ ही पोलिसांनी फरार आरोपीसाठी काढलेली शोधमोहीम, आणि पुढच्या कथांत ‘मॅनहंटर’ हे मंगळावरचं कायदारक्षकाचं पद ठरलं. ‘मनुष्यशिकारी’ म्हटलं की जंगलातला नरभक्षक वाघ आठवतो, म्हणजे नायकाचा खलनायक होतो. अर्थ सांगायचा तर ‘फरारींचा माग काढणारा’ असं सांगावं. शीर्षकासाठी हे लांबतं, तेव्हा शीर्षकात ‘मार्शियन मॅनहंटर’ तसंच ठेवून पहिल्याच परिच्छेदात ‘मंगळावरचा, फरारींचा माग काढणारा’ हा खुलासा एकदाच द्यावा.

आता त्याचं मंगळावरचं नाव. इंग्रजीत ते दोन्ही शब्दांत पहिल्या अक्षरानंतर लोपचिन्ह (’) देऊन J’onn J’onzz असं लिहितात, उच्चार मात्र जवळजवळ ‘जॉन जोन्स’सारखाच. फरक डोळ्यांसाठी आहे, कानांसाठी नाही. देवनागरीत ज नंतर लोपचिन्ह टाकलं तर वाचक ‘ज’वर थबकतो आणि नाव तुटतं. त्यापेक्षा मंगळावरच्या नावाला ‘जॉन जॉन्झ’ आणि पोलिसाला ‘जॉन जोन्स’ लिहिलं की दोन्ही वेगळी दिसतात. यातला ज ‘जीव’मधला, ‘जाळं’मधला नव्हे, आणि शेवटचा झ ‘झाड’मधला. आपली लिपी हा भेद दाखवत नाही, म्हणून मोठ्याने वाचून दाखवायचं असेल तर आधी सांगून ठेवावं.