पोरगा बोलत नाही, आणि सल्ले सगळेच देतायत

प्रश्न : ताई, माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. हाक मारली तर बघत नाही, गाडीची चाकं फिरवत तासन्‌तास बसतो. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलंय. आम्ही कराडजवळ राहतो. सासूबाई म्हणतात याचा बाप पण उशिराच बोलला, आणि एका क्लिनिकवाल्यांनी स्टेम सेल (मूळ पेशी टोचायचा उपचार) करा म्हणून सांगितलंय, काही लाख लागणार, मिस्टर जमीन विकायच्या गोष्टी करतायत. काय करू?

उत्तर : ताई, आधी ती जमीन राहू द्या. नॅशनल मेडिकल कमिशनने, म्हणजे डॉक्टरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमवर स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, तरी दुकानं चालूच आहेत. सासूबाईंवर चिडू नका, पण थांबूही नका. ऐकण्याची टेस्ट (बेरा) राहिली असेल तर ती आधी करून घ्या.

आता कामाचं. गोव्यात संगाथ संस्थेकडे आणि पाकिस्तानात रावळपिंडीला एक ट्रायल झाली होती, पास नावाची, रिझल्ट २०१५-१६ ला आले. त्यात मोठे स्पेशालिस्ट नव्हते, ट्रेनिंग दिलेले साधे हेल्थ वर्कर होते, सहा महिन्यांत बारा सेशन, आईबाबा पोराशी खेळतात त्याचा व्हिडिओ काढायचा आणि मग सोबत बसून बघायचा, कुठे पोराने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला आणि आपल्या लक्षातच आलं नाही ते. त्यातली मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करायला लागली. ऑटिझम गेला असं नाही हं, तसं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

घरी काय करायचं, तर तो चाक फिरवतोय ना, त्याचा हात धरून थांबवू नका, समोर खाली बसा, तुम्ही पण एक चाक फिरवा, "गोल गोल" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. मनात दहा मोजा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, माझ्याच मुलाच्या वेळी मला जमायला वर्ष गेलं, मी आपली "हे काय? सांग ना, हे काय?" करत परीक्षाच घ्यायची.

यासोबत स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं शिकवणारी) लागेलच. अंगणवाडीत तपासणीला आरबीएसकेची (सरकारच्या बाल आरोग्य तपासणी योजनेची) टीम येते, त्यांच्याकडून जिल्ह्याच्या डीईआयसीची (मुलांना लवकर उपचार देणाऱ्या सरकारी केंद्राची) चिठ्ठी घ्या, तिथे पैसे लागत नाहीत. प्रायव्हेटला गेलात तर स्पीचवाल्यांचा आणि स्पेशल टीचरचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी नंबर विचारा, लाजू नका. आणि सेशनला तुम्हाला बाहेर बसवत असतील तर ते सेंटर नको, कारण आठवड्यातला एक तास त्यांचा, बाकी सगळा वेळ पोरगं तुमच्याकडेच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज करा. मग निरामय हा सरकारी आरोग्य विमा काढता येतो, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो.

आणि सासूबाईंनाही द्या एक चाक फिरवायला. त्यांच्याकडे वेळ असेल तर तुम्हाला तेवढंच पाठ टेकायला मिळेल.