वाचक विचारतात : बोलायला उभं राहिलं की पाय लटपटतात

प्रश्न : २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, कार्यालयात मला पाच मिनिटं बोलायचं आहे. मागच्या वर्षी भाषण तोंडपाठ केलं होतं. घरी घडाघडा म्हणत होते, पण तिथे एक शब्द आठवेना आणि पुढचं सगळंच गेलं. हातातला कागद थरथरत होता, तोही सगळ्यांना दिसला.
– एक वाचक, भांडुप

उत्तर : तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे, पाठांतराची पद्धत तेवढी बदला. शब्दन्‌शब्द पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याचं बोट धरून येतं. एक बोट सुटलं की मागची सगळी रांग थांबते. म्हणून पहिली तीन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच पाठ करा. भीतीची लाट सुरुवातीलाच सर्वांत उंच असते आणि बहुतेकांच्या बाबतीत मिनिटा-दोन मिनिटांत ओसरू लागते. तेवढा वेळ पाठ वाक्यांनी निभावतो.

मधले तीन-चार मुद्दे दोन-दोन शब्दांत, ठळक अक्षरांत, पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर लिहा. पातळ ए-फोर कागद हाताची बारीकशी थरथरही कडेपर्यंत मोठी करून दाखवतो, जाड कार्ड दाखवत नाही.

सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. पाच मिनिटांसाठी साडेचारशे पुरे. घाबरलेला माणूस भरभर बोलतो, त्यामुळे वेळ उरेल म्हणून मजकूर वाढवायचा मोह होईल, तो टाळा. आणि सुरुवात कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाच्या माहितीने करू नका, तुमच्या आधीच्या दोघांनी ती सांगितलेली असेल. आजीच्या तोंडी असलेला, घरात आता कुणी वापरत नाही असा एखादा शब्द घ्या. ‘फडताळ’, ‘मिसरूड’, काहीही. ऐकणाऱ्याला लगेच स्वतःची आजी आठवते.

सराव उभं राहून, मोठ्याने, पूर्ण आवाजात करा. लोकलमध्ये मनातल्या मनात म्हणून मुद्द्यांचा क्रम पक्का होतो, पण श्वास कुठे संपतो ते कळत नाही. घरात जागा नसेल तर इमारतीची गच्ची गाठा. रोज दोनदा, आठ दिवस. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज परका वाटेल, तिकडे लक्ष देऊ नका. ‘म्हणजे’, ‘तर मग’ किती वेळा येतं तेवढं मोजा. त्या जागी गप्प राहायचं. बोलणाऱ्याला ती दोन सेकंदं फार लांब वाटतात, ऐकणाऱ्याला जाणवतही नाहीत.

आवाज कापतो तो श्वास छातीत वरवर अडकल्यामुळे. वाक्य संपायच्या आत हवा संपते. नाव पुकारण्याआधी चार आकड्यांत नाकाने श्वास घ्या, सहा ते आठ आकड्यांत सोडा. अशी पाच-सहा आवर्तनं बसल्या जागी होतात. जोरजोरात, घाईने खोल श्वास मात्र घेऊ नका. त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तोंड कोरडं पडतं म्हणून कोमट पाण्याचे दोन घोट घ्या.

प्रश्न : छातीत धडधडू नये म्हणून सहकारी बोलण्याआधी एक गोळी घेतो. मीही घेऊ का?
– एक वाचक, वडाळा

उत्तर : त्याच्याकडून मुळीच नको. ती बहुधा प्रोप्रॅनोलॉल असावी. ती हृदयाचे ठोके मंदावते, पण दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळू शकते आणि मधुमेह्यात साखर उतरल्याची धडधड झाकून टाकते. डॉक्टरांकडे जा आणि दमा, मधुमेह, कमी रक्तदाब यांतलं काहीही असलं तर आधी सांगा.

प्रश्न : सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हिशेब मला मांडायचा आहे. सभा पार्किंगमध्ये असते, मागच्यांना ऐकू जात नाही आणि माइक सारखा शिट्टी मारतो.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : शिट्टी येते ती माइकने स्पीकरचाच आवाज पुन्हा पकडल्यामुळे. स्पीकर तुमच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवा आणि माइक घेऊन त्याच्यासमोर जाऊ नका. माइकची जाळी मुठीत धरली तरी शिट्टी वाढते, दांडा धरा. जाळी हनुवटीजवळ, ओठांपासून चार बोटांवर, किंचित तिरकी ठेवा, म्हणजे प, फ, भ यांचे धक्के बसत नाहीत. आवाज चालू आहे का हे फुंकून पाहू नका, सरळ बोला. नवी बॅटरी खिशात असू द्या.

पार्किंगमध्ये सिमेंटच्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि शब्द एकमेकांवर चढतात. तिथे आवाज वाढवून काम होत नाही, वेग कमी करावा लागतो. प्रत्येक रकमेनंतर थांबा. ‘दुरुस्ती निधी, दोन लाख चाळीस हजार’ एवढं म्हणून मागच्या रांगेतल्या एकाकडे पाहा. त्याची मान हलली की पुढची रक्कम. इमारत रुळांलगत असेल तर गाडी जाईपर्यंत वाक्य सुरूच करू नका.