नागपूरहून लंडनला, कार्यक्रमांच्या विम्यात यायचं असेल तर

तू विचारलंस ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे असाच बेत असलेल्या इतरांनाही धागा लागेल. वय सव्वीस पूर्ण, तीन वर्षं नागपुरातल्या एका जनरल इन्शुरन्स कंपनीच्या शाखेत मोटर आणि आगीच्या पॉलिसी करतोस, सुटीच्या दिवशी मित्राच्या इव्हेंटच्या धंद्यात साउंड-लाइट बघतोस. आता लंडनला इव्हेंट मॅनेजमेंटची एक वर्षाची मास्टर्स करायची आणि मग कॉन्सर्ट, सामने, सिनेमा यांच्या विम्यात नोकरी शोधायची, असं मनात आहे. घरचे फ्लॅट तारण ठेवायला तयार आहेत. मला ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही अरे-तुरेच करते आणि घरच्या माणसाला सांगावं तसं सांगते: काम हेच कर, पण हा कोर्स करू नकोस. आणि फ्लॅटला तर हात लावूच नकोस.

मी नागपुरातल्या नंदनवनची, आता लंडनला कार्यक्रमांच्या विम्याचं काम करते. बाबांचं बिछायत केंद्र होतं, म्हणजे मंडप-सतरंज्या भाड्यानं देण्याचा धंदा. बारावीत असताना मार्चमध्ये एका लग्नाच्या आदल्या रात्री गारपीट झाली. उमरेड रोडच्या एका लॉनवर मंडप उभा होता. आम्ही पोचलो तेव्हा कापड पाण्यानं फुगून खाली आलं होतं, दोन पाइप वाकले होते, सतरंज्या चिखलात, आणि आचारी परात डोक्यावर धरून शेगडी वाचवत होता. लग्न दुसऱ्या दिवशी एका शाळेत लागलं. बाबांना अर्धे पैसे मिळाले. "विमा आहे ना आपला," असं आई म्हणत राहिली. होता. पॉलिसी काढून मीच वाचली. त्यात लिहिलं होतं, गोदामात ठेवलेला माल. आमचा माल वर्षातले सहा महिने गोदामाबाहेरच असायचा, कारण तोच आमचा धंदा होता. ज्यानं पॉलिसी दिली त्यानं धंदा पाहिलाच नव्हता, आणि आम्ही कागद पाहिला नव्हता.

मी आज जे काम करते त्याचा गाभा एवढाच आहे: जमिनीवर काय होतं आणि कागदावर काय लिहिलंय, यातलं अंतर आधीच ओळखायचं.

इथे लंडनच्या बाजारात विम्याच्या या प्रकाराला कॉन्टिन्जन्सी म्हणतात. आयोजकाच्या हाताबाहेरच्या कारणानं कार्यक्रम रद्द झाला, पुढे ढकलला, अर्ध्यात थांबला किंवा जागा बदलावी लागली, तर झालेला खर्च, आणि तसं ठरलं असेल तर बुडालेलं उत्पन्न भरून द्यायचं. तिकिटं खपली नाहीत, पैसे संपले, यासाठी विमा नसतो. मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमाला हवामानाचं संरक्षण बहुधा वेगळं मागून घ्यावं लागतं. गायक आजारी पडला तर त्याचं कलम वेगळं, आणि त्यासाठी त्याची वैद्यकीय माहिती आधी लागते. प्रेक्षकाला इजा झाली तर ती पब्लिक लायबिलिटी, म्हणजे निराळीच पॉलिसी. सिनेमाचा विमा शेजारच्याच टेबलावर असतो, पण त्याची विद्या वेगळी. मुख्य नटाचा पाय मोडला आणि शूटिंग तीन आठवडे थांबलं, तर रोजचा खर्च कोणी सोसायचा, असे तिथले प्रश्न.

आता नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमची गोष्ट घे. २३ सप्टेंबर २०२२, भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी. तू बहुतेक स्टँडमध्येच असशील. आधीच्या पावसानं आउटफिल्ड ओलं, अंपायर पुन्हा पुन्हा जाऊन पाय दाबून बघून राहिले, आणि शेवटी साडेनऊला खेळ सुरू झाला, तोही आठ-आठ षटकांचा. इथे तेव्हा शुक्रवारी संध्याकाळचे पाच वाजले होते. मी ऑफिसात फोनवर बघत होते. समज, त्या सामन्याच्या पॉलिसीत असं कलम असतं की दुपारी दोन ते रात्री दहा या वेळेत अमुक मिलिमीटर पाऊस पडला तर भरपाई. खेळ चालू असताना तर पाऊस नव्हताच, अडवलं ते जमिनीनं. मग हे कलम लागू होईल का? सामना झाला, म्हणजे रद्द नाही. पण चाळीस षटकांच्या जागी सोळा झाली, मग हा सामना आटोपता घेतला असं धरायचं का? प्रायोजकाच्या करारात किती षटकांच्या जाहिराती कबूल केल्या होत्या? या तीन प्रश्नांची उत्तरं सामन्याच्या आधी लिहून ठेवणं हे अंडररायटरचं, म्हणजे जोखीम घ्यायची का आणि कोणत्या अटींवर हे ठरवणाऱ्याचं काम. ती नंतर शोधत बसणं हे क्लेमवाल्यांचं.

मी क्लेममध्येच सुरुवात केली. पहिल्याच वर्षी एक फाइल आली. गावाबाहेरच्या शेतात दोन दिवसांचा संगीताचा कार्यक्रम होता आणि आयोजकानं वाऱ्याच्या अंदाजावरून आदल्या संध्याकाळी तो रद्द केला. दुसऱ्या दिवशी वारा स्टेजच्या मर्यादेच्या खालीच राहिला. कलमात शब्द होता, रद्द करणं आवश्यक असलं पाहिजे. सगळ्यांना वाटलं, दावा गेला. मला काम दिलं होतं फक्त कागद वेळेच्या क्रमानं लावायचं. लावता लावता संध्याकाळी सहा चाळीसची एक हस्तलिखित नोंद सापडली: मागच्या फाटकाकडचा रस्ता खचलाय, रुग्णवाहिका आत येऊ शकत नाही. वारा नव्हे, चिखल. रुग्णवाहिका येत नसेल तर माणसं आत सोडता येत नाहीत, म्हणजे रद्द करणं आवश्यकच होतं. त्या नोंदीवर दाव्याचा मोठा भाग उभा राहिला. आयोजक बाई फोनवर रडल्या. मला नंदनवनचं घर आठवलं. त्या दिवशी मला कळलं की माझं जे बालपण गोदामात आणि मंडपाखाली गेलं, ते या धंद्यात उपयोगी भांडवल आहे.

तुझ्याकडेही ते आहे. ट्रस, म्हणजे लाइट टांगायचा लोखंडी सांगाडा, कुठे बांधतात, जनरेटर किती लांब ठेवतात, पाऊस आला की सर्वात आधी कशावर ताडपत्री टाकतात, हे तुला हाताला माहीत आहे. इथल्या टेबलांवर इंग्रजी साहित्य शिकलेली, कायदा शिकलेली हुशार पोरं आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी स्टेज खालून पाहिलेलं नसतं. आणि इव्हेंट मॅनेजमेंटची मास्टर्स तुला जे शिकवेल त्यातलं बरंचसं तू रेशीमबागेत आणि ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर शिकून बसला आहेस. तुझ्याकडे नाही ते कागदाचं ज्ञान. ते नागपुरात राहून मिळतं.

काय करायचं ते सांगते. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा दे, निदान असोसिएटपर्यंत. त्याबरोबर लंडनच्या चार्टर्ड इन्शुरन्स इन्स्टिट्यूटचे लंडन मार्केटचे पेपर, एलएम १ आणि एलएम २, भारतातूनच दे; इथल्या मुलाखतीत ही दोन नावं लगेच ओळखली जातात. कंपनीत क्लेम विभागात बदली माग. जमलं तर एखाद्या सर्व्हेअर आणि लॉस असेसरच्या, म्हणजे नुकसानीची पाहणी करून आकडा काढणाऱ्याच्या हाताखाली फिर. विदर्भात अवकाळी पावसानं पडलेली शेड, जळालेलं जिनिंग, यांच्या पाहणीत जी नजर तयार होते तीच इथे लॉस ॲडजस्टरला लागते, आणि त्या पेशाची इथे स्वतंत्र सनदी संस्था आहे. शाखेत कार्यक्रमांच्या पॉलिसी येतच नाहीत असं म्हणशील. मग आण. मुंबईच्या जीएसबी सेवा मंडळाच्या गणपतीचा २०२४ चा विमा ४०० कोटींच्या वर होता, आणि त्यातला मोठा भाग दागिन्यांचा नव्हता. स्वयंसेवक, पुजारी, आचारी यांच्या अपघात विम्याचा होता. नागपुरातल्या मंडळांत, मारबतीच्या मिरवणुकीत, झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत किती माणसं विम्याशिवाय उभी असतात ते बघ. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत अकरा जण गेले. हा विषय आपल्याकडे पैशाचा नंतर आहे, जीवाचा आधी आहे. विमा कंपनी प्रश्न विचारते तेव्हा फाटकं मोजली जातात. मला या कामाबद्दल जिव्हाळा आहे तो यामुळे.

आता लंडनचा बाजार. लॉइड्स ही कंपनी नाही, बाजार आहे. सतराव्या शतकातल्या एका कॉफीच्या दुकानातून उभा राहिलेला, आणि १९८६ पासून लाइम स्ट्रीटवरच्या त्या पाइप बाहेर काढलेल्या इमारतीत भरणारा. आत सिंडिकेटची, म्हणजे जोखीम घेणाऱ्या गटांची टेबलं असतात, त्यांना बॉक्स म्हणतात. ब्रोकर, म्हणजे ग्राहकासाठी विमा शोधणारा मध्यस्थ, कागद घेऊन येतो, पहिला अंडररायटर दर आणि अटी ठरवून आपला हिस्सा घेतो, बाकीचे त्याच्या मागे आपापला हिस्सा घेतात. बरंचसं आता संगणकावर होतं, पण अवघड जोखीम अजून समोरासमोर बसूनच ठरते. कॉन्टिन्जन्सीची टेबलं लहान आहेत, माणसं एकमेकांना ओळखतात. जागा कमी निघतात आणि जाहिरातीआधी तोंडोतोंडी कळतात. म्हणून सरळ या टेबलावर येण्याचा हट्ट धरू नकोस. क्लेम, पॉलिसीच्या शब्दरचनेचं काम, ब्रोकरकडची सहायकाची जागा, यातून सरकत येता येतं. मी तशीच आले, चौथ्या वर्षी.

गेल्या काही वर्षांत हा धंदा बराच बदलला. २०२० मध्ये विम्बल्डन रद्द झालं, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच, आणि त्यांच्याकडे साथीच्या रोगाचं संरक्षण होतं. बहुतेकांकडे नव्हतं. त्यानंतर साथीचे रोग वगळण्याचं कलम सर्रास आलं, इतकं की २०२१ मध्ये ब्रिटन सरकारला कोविडपुरती हमी देणारी योजना आणावी लागली. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी गेली आणि राष्ट्रीय शोकाचं कलम कोणाकोणाच्या पॉलिसीत आहे हे सगळे शोधू लागले. लतादीदी गेल्या तेव्हा राज्यात सुटी जाहीर झाली होती, आठव. त्या दिवशीचे कार्यक्रम कोणाच्या खिशातून रद्द झाले? ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिएन्नात टेलर स्विफ्टचे तीन कार्यक्रम हल्ल्याच्या कटामुळे रद्द झाले. हल्ला झाला नव्हता, धमकी होती. या दोन शब्दांतला फरक पॉलिसीत कसा लिहितात, हे मुलाखतीत विचारतात.

व्हिसाचं नीट ऐक. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला नोकरी साधारणपणे पदवीच्या पातळीची लागते आणि पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नवख्यांना ३३,४०० ची सवलत असते, पण ती वयामुळे मिळते सव्वीसच्या आतल्यांना; तुझं ते वय उलटलं. विम्यातलं प्रत्येक पद या पातळीत बसतं असं नाही, म्हणून ऑफर आली की पदाचा सरकारी कोड कोणता आणि कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसाला नोकरीवर आणायचा सरकारी परवाना आहे का, हे दोन प्रश्न आधी. विद्यार्थी म्हणून आलास तर लंडनसाठी महिन्याला १,५२९ पौंड, असे नऊ महिन्यांचे १३,७६१ पौंड फीशिवाय दाखवावे लागतात, आणि आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचाच मिळेल. दीड वर्षात अनोळखी शहरात, लहान बाजारात, पायावर उभं राहायचं, तेही डोक्यावर घराचं कर्ज घेऊन. मी हे होताना पाहिलंय, एका गुणी मुलाचं. तो परत गेला, घर मात्र गेलं. कन्सल्टंटनं त्याला सांगितलं होतं, "इव्हेंटमध्ये लंडनला खूप स्कोप आहे."

शिकायलाच यायचं असेल तर विमा, जोखीम किंवा कायदा या विषयात ये, आणि दोन-तीन वर्षं क्लेमचा अनुभव घेऊन ये. तोवर मुंबईकडेही बघ. लॉइड्सची पुनर्विम्याची शाखा २०१७ पासून तिथे आहे, आणि तिथून लंडनच्या टेबलांशी रोजचं बोलणं होतं.

घरून काय आणू असंही विचारलं होतंस. जाड स्वेटर इथेच घे. सावजी मसाला आण, दोन किलो तरी.

आणि एक काम देते. जामठ्याच्या त्या सामन्यासाठी तू पॉलिसी लिहितो आहेस असं समज. ओल्या मैदानाचं कलम मराठीत लिही, पाच-सहा ओळींत, असं की बाबांसारख्या बिछायतवाल्यालाही एका वाचनात कळेल. मग तेच इंग्रजीत कर. पोळ्याच्या आत पाठव. मी लाल पेनानं तपासून परत पाठवते.